उलटी फेरी

"डोळे मिटून तुम्ही देवाशी बोलता, तेव्हा समोर नक्की काय दिसतं हो?"

प्रश्न तिचा नव्हता. तो वर्गातल्या चौकडीचा होता, आणि मधल्या सुट्टीत डबे बंद करता करता चौकडीने तो तिच्या गळ्यात मारला होता. तू त्या डोंगरावरच्या ख्रिस्ती काका-काकूंकडे जाणारच आहेस ना, मग पहिल्याच जेवणाला विचारायचं, सगळ्यांसमोर, आणि उत्तर जसंच्या तसं आणायचं. नाही विचारलंस तर आजपासून तू भोंगा नाहीस. हे शेवटचं वर्मी लागलं होतं. भोंगा हे नाव तिने वर्षभरात कमावलं होतं आणि ते जायला नको होतं, म्हणून घाटातली वळणं, पोटातली मळमळ, बाबांच्या गाडीला लागलेली धाप, या सगळ्यातून ती तो प्रश्न तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा घोळवत वर घेऊन आली होती. आणि आता तो बाहेर पडला होता. टेबलावर सुपाच्या पाच बश्या वाफाळत होत्या, काकांनी प्रार्थनेसाठी दोन्ही हात पसरले होते, आणि नेमका तोच मुहूर्त साधून तिचा आवाज लाकडी छताला जाऊन धडकला होता. टेबलाखाली आईने तिच्या पायावर पाय दिला. बाबा मिठाच्या बरणीकडे असे बघायला लागले की जणू ती आत्ताच बोलली.

"मला ना," काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "न तपासलेले पेपर दिसतात." ते खालच्या शाळेत भूगोल शिकवायचे. "गठ्ठेच्या गठ्ठे. वर लाल पेन."

"आणि मला हे दिसतात," काकू म्हणाल्या. "डोळे मिटले तरी सुटका नाही."

"लेका पाद्री," बाबा म्हणाले, "होस्टेलच्या मेसमध्ये तू डोळे मिटायचास ना, तेव्हा मी तुझ्या ताटातला बटाटा पळवायचो. आज कबूल करून टाकतो."

"बारक्या, मला दिसत होतं रे ते. डोळे अर्धेच मिटायचो मी."

बाबांना बारक्या म्हणणारं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. बाबांच्या शर्टाची पोटावरची बटणं तर हे नाव ऐकून सुटायचीच बाकी राहिली होती. सगळे हसले, आईसुद्धा, आणि प्रश्नाचं काम हसण्यावारी निभावलं असं तिला वाटलं, तेवढ्यात काकूंनी आपला खरखरीत, साबणाचा वास येणारा हात तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच मिटून बघ ना. आणि दिसलं तर आम्हालाही सांग." त्यात चिडवणं नव्हतं. काकू जनावरांच्या डॉक्टर होत्या. एखाद्या मालकाला, बघा बरं हिच्या पोटाला हात लावून, असं सांगावं तशा त्या बोलल्या.

तिने डोळे मिटले. आधी नुसता तांबूस अंधार दिसला, त्यात दिव्याचा हिरवट डाग तरंगत होता. काकूंचा आवाज सुरू झाला, हळू, घरातल्याच कुणाशी बोलल्यासारखा, आजच्या दिवसाबद्दल, आलेल्या पाहुण्यांबद्दल, घाटात गाडी गरम झाली पण बंद पडली नाही याबद्दल आभार. गाडीचे आभार मानतात! चौकडीला हे सांगायलाच हवं, असं ती मनात म्हणाली, आणि त्याच क्षणी त्या तांबूस अंधारात ती खिडकी उघडली. तीच ती. काचेची, खाली अर्धगोल भोक पाडलेली, भोकाभोवती बोटांचे डाग. बाबांची बदली झालेल्या गावातल्या शाळेचं ऑफिस. गेल्याच आठवड्यात तिघं तिथे जाऊन आली होती. काचेपलीकडच्या क्लार्कबाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "नाव?" बस, एवढंच. आणि ती, जी रोज सकाळी प्रार्थनेनंतर माईकवरून अख्ख्या शाळेला सूचना वाचून दाखवते, ती तिथे तोंड उघडून उभी राहिली होती. जीभ होती, श्वास होता, नाव तर होतंच होतं, पण मधला कुठला तरी जिना कुणीतरी काढून नेला होता. ओळखीचं होतं ते. गळ्याच्या खाली, बरोबर त्याच जागी, जुनी मूठ आवळली गेली होती. क्लार्कबाईंनी मान वर केली. आणि मग मागून आईचा आवाज आला, नाव, आडनाव, इयत्ता, जन्मतारीख, सगळं न अडखळता, इतक्या सवयीने की जणू ते आईचंच नाव होतं.

आईचंच तर होतं ते काम. किती वर्षं! घरात ती चिमणीसारखी बोलायची, पण उंबरा ओलांडला की कुलूप. बालवाडीपासून आई दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी जाऊन नव्या बाईंना गाठायची आणि दाराशी हलक्या आवाजात सांगायची, "हुशार आहे हो, फक्त बोलत नाही, जरा सांभाळून घ्या." ती खालून आईच्या पर्सचा पट्टा धरून ते ऐकायची. त्या हलक्या आवाजाचाच तिला राग यायचा. आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा असायचा तो. मग डॉक्टर. एका डॉक्टरीणबाईंकडे लाकडी प्राणी होते आणि त्यांना वाटायचं ती उंटाशी बोलेल. उंटाशी काय बोलणार? दुसऱ्यांनी सांगितलं गाऊन बघ, तिने गाऊनही पाहिलं नाही. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, दिवसभर भिंगं बदलत विचारायची, आता दिसतंय? आणि आता? घरी आल्यावर लेकीकडेही ती तशीच बघायची, प्रत्येक डॉक्टरनंतर, प्रत्येक वाढदिवसानंतर. आता? आणि आता? आणि मग गेल्या वर्षी, काही कारण नसताना, कुणी काही न करता, ते झालं. सूचना वाचणारी मुलगी तापाने आली नव्हती, घाईतल्या सरांनी समोर दिसेल तिच्या हातात माईक कोंबला, आणि तिने वाचलं. बुधवारी कवायतीचा तास होणार नाही. मैदानाच्या चारी कोपऱ्यांतून एक आवाज आला, जाड, धिटुकला, जरा घोगरा, आणि तिला वाटलं, कोण गं ही, मस्त आहे हिचा आवाज. नंतर जे सुरू झालं ते थांबलंच नाही. वक्तृत्व, नाटक, बसमधली भांडणं, सरांना उलट प्रश्न. चौकडीने तिला आपल्यात ओढलं आणि भोंगा हे नाव ठेवलं.

पण त्या खिडकीपासून तिला एकच शंका कुरतडत होती, आणि ती तिने चौकडीलाही सांगितली नव्हती. तो आवाज तिचा होता की त्या मैदानाचा? त्या चार कर्ण्यांचा, त्या चौघींचा, तिथल्या भिंतींचा? गाव बदललं की तो तिथेच राहणार, आणि ती एकटीच सामानाच्या ट्रकमागून जाणार, पर्सचा पट्टा धरून? परत येताना गाडीत बाबा आरशात न बघता म्हणाले होते, "आत्याकडे राहशील का? तुझी शाळा, तुझ्या मैत्रिणी, सगळं तसंच राहील. आम्ही सुट्टीला येत जाऊ. घाई नाही, डोंगरावरून फिरून येईपर्यंत ठरव. तू म्हणशील तसं." तू म्हणशील तसं! याआधी हे वाक्य ऐकून तिने उड्या मारल्या असत्या. पण बाबांनी ते फार जपून उच्चारलं होतं, आणि आई खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला कळलं होतं की दोघांनीही तिचं ते गप्प होणं पाहिलं आहे.

हात दाबला गेला. काकूंनी तिचा हात दाबला होता, हळूच, पण स्पष्ट. इतक्या प्रेमाने दाबला की तिला भरूनच आलं. या बाईला कसं कळलं की मी आत्ता कुठे होते? तिने तितक्याच प्रेमाने उलट काकूंचा हात दाबला. क्षणभर शांतता. मग काकूंनी घसा खाकरला आणि पुन्हा बोलायला लागल्या, आता शेजारच्यांच्या लंगड्या गाईबद्दल. संपलं. पुन्हा हात दाबला गेला. किती मायाळू आहेत, असं म्हणत तिने पुन्हा दाबला. पुन्हा शांतता, जरा लांब. मग काकूंनी पाऊसपाण्याबद्दल आभार मानले, खालच्या पुलाबद्दल मानले, दातदुखी थांबल्याबद्दल मानले, आणि तिसऱ्यांदा हात दाबला गेला तेव्हा आभार मानण्याजोगं काही शिल्लक नसल्यासारखा त्यांचा आवाज थरथरत होता. तिने दाबला. समोरून एक विचित्र आवाज आला. तिने डोळे किलकिले केले. काकांचे खांदे गदागदा हलत होते, डोळे घट्ट मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरेना, "हात दाबला म्हणजे तुझा नंबर. तुला बोलायचं असेल तर बोल, नसेल तर पुढच्याचा हात दाब. आईचा. माझा नाही! तू मला परत परत उभं करतेयस!"

"सूप गार झालं," काका डोळे पुसत म्हणाले, "पण गेल्या कित्येक वर्षांत हिने एवढी प्रार्थना केली नव्हती. तेही पुण्य तुझंच."

तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पूर्वी झालंही असतं. पण ती सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि हसता हसता डोक्यात एक साधं वाक्य अडकून बसलं: नसेल तर पुढच्याचा हात दाब. एवढंच? कारण नाही सांगायचं? कुणी दाराशी जाऊन हलक्या आवाजात काही सांगायचं नाही?

सकाळी काकूंच्या मागे मागे ती वर मेंढ्यांच्या वाड्याकडे चढली. वाटेच्या दोन्ही बाजूंना रचलेले दगड, त्यांवर करडं शेवाळ, आणि खाली दरीत धुकं असं बसलेलं की कुणीतरी दूध ओतून विसरून गेलंय. एवढं आकाश एकदम बघायची तिला सवय नव्हती; शहरात ते गॅलरीपुरतं मिळतं. वर माथ्यावर पोचल्यावर खिशातला फोन एकाएकी जिवंत झाला आणि थरथरतच सुटला. विचारलंस का? काय म्हणाले? भोंगे, मेलीस का? तिने "विचारलं" एवढं टाईप केलं आणि अंगठा तसाच राहिला. पेपर दिसतात, असं लिहायचं? की खिडकी? तिने फोन परत खिशात टाकला, नंतर सांगते म्हणून, आणि तिच्या लक्षात आलं की त्या चौघींची इतक्या तासांत तिला आठवणच आली नव्हती आणि तरी तिचं तोंड अखंड चालू होतं. वाटेत काकूंना तिने विचारलं नव्हतं असं काही उरलं नव्हतं.

काकूंना मेंढ्यांचे खूर कापायचे होते. त्यांनी एक मेंढी पकडली, मान वळवली, गुडघ्याने ढुंगणाला टेकू दिला, आणि बघता बघता ती एवढी मोठी मेंढी आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांसारखी पाठ टेकून, चारी पाय पुढे सोडून बसली. आत्ता लाथा झाडत होती, ओरडत होती. आता एकदम चिडीचूप.

"अशी बसवली की गप्प होतात," काकू खुराची कड कापत म्हणाल्या. "डोकं धर. दाबू नकोस, नुसतं धर."

तिने धरलं. लोकर वरून मळकट, आत बोट गेलं की गरम आणि तेलकट. पिवळ्या डोळ्यांतली आडवी बाहुली तिच्याकडे बघत होती की नव्हती, सांगता येत नव्हतं.

"घाबरून गप्प झालीय का?"

"असेलही."

"की बरं वाटतंय म्हणून?"

"तेही असेल. मला नाही कळत बाई. एवढी वर्षं झाली, एकीनेही सांगितलेलं नाही."

"पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं," ती म्हणाली. काकूंनी कात्री थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि दुसरा पाय हातात घेतला. मग तिनेच विचारलं, रात्रीपासून विचारायचं होतं ते: फेरीत काका काहीच का बोलत नाहीत? शेवटी त्यांच्याकडे हात आला आणि त्यांनी नुसतं आमेन म्हटलं. दिवसभर तर तोंडाचा पट्टा चालू असतो.

"कधीच नाही बोलत. लग्न झालं तेव्हा मला वाटलं रुसलाय. मग वाटलं, याचा देवावर विश्वास नसेल. मग एकदा विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, दिवसभर शाळेत बोलून घसा बसतो गं, इथे तरी गप्प बसू दे." काकू हसल्या. "मी केवढी गंभीर झाले होते, आणि त्याचं हे! सोड आता तिला."

मेंढी सुटली आणि बाकीच्यांत मिसळून ओरडायला लागली, जणू मधे काही झालंच नव्हतं. ती बघत राहिली. हिचा आवाज कुठे गेला होता मघाशी? कुठेच नाही. हिच्यातच होता.

दुपारी सगळे खालच्या तळ्यापर्यंत चालत गेले. बाबा आणि काका पुढे, एकमेकांना ढकलत, एकमेकांच्या टकलांवरून भांडत. बाबा पाणीपुरवठा खात्यातले, त्यामुळे तळं दिसताच ते त्याची खोली सांगू लागले आणि काकांनी ती खोडून काढली. आई मागे राहिली होती. ती एका दगडावर बसून बुटातला खडा काढत होती, खडा निघाला तरी बूट हातातच होता. तिला वाटलं, आईशेजारी जाऊन बसावं. पण गेल्या आठवड्यापासून दोघींमध्ये ती काचेची खिडकी होती. आईला काय वाटलं असेल, पुन्हा सगळं पहिल्यापासून? ती लांबूनच ओरडली, "आई, चल ना, केवढी बदकं आहेत बघ!" आणि आईने चटकन मान वर करून हसून दाखवलं. हसून दाखवलं. ते तिला दिसलं.

त्या संध्याकाळी काका म्हणाले, "आज उलटी फेरी. नाहीतर आमच्या डॉक्टरीणबाई पुन्हा रात्रभर उभ्या राहायच्या." म्हणजे काकांकडून बाबांकडे, बाबांकडून आईकडे, आईकडून तिच्याकडे. डोळे मिटले. काका नेहमीप्रमाणे गप्प. बाबांनी घसा साफ केला, काहीतरी बोलायचं ठरवलं, "जेवणाबद्दल," एवढंच म्हणाले आणि बहुधा आईचा हात दाबून मोकळे झाले. आता आई ताबडतोब आपला दाबणार असं धरून ती तयारच होती. बाहेर वारा खिडकीच्या फटीत शिट्टी वाजवत होता. हात दाबला गेला नाही.

"माझी तुझी काही ओळख नाही," आईचा आवाज आला. कुणाशी बोलतेय हे कळायलाच तिला वेळ लागला. "मला हे जमतही नाही. पण नंबर आलाय म्हणून विचारते. माझ्या पोरीच्या वतीने मी फार बोलले. तिला बोलता येत होतं तेव्हाही बोलले. परवा त्या ऑफिसात दोन क्षण थांबले असते तर ती बोलली असती की नसती, मला माहीत नाही. मी थांबलेच नाही. मला भीती वाटली. तिला नाही, मलाच." मधे एक मोठा श्वास. "ती आमच्याबरोबर आली नाही तर घर खायला उठेल. पण आली आणि माझ्यामुळे पुन्हा गप्प झाली तर? एवढंच. मला थांबता येऊ दे."

हा हलका आवाज नव्हता. दाराशी बोलायचा तो नव्हताच. साधा, भरलेला, सरळ आवाज होता, जो ती आईच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होती, कारण आजवर आई तिच्याविषयी बोलायची आणि आज स्वतःविषयी बोलत होती. तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे पुन्हा ती खिडकी आली, पण आता ती वेगळ्या बाजूने दिसत होती. त्यात ती होतीच, तोंड उघडं ठेवून. पण मागे आईही होती, तिच्याहून जास्त घाबरलेली, हातात पर्स घट्ट धरलेली. किती वेळ गेला असेल त्या प्रश्नानंतर? डोळ्यांची एक उघडझाप. तेवढ्या गप्प बसण्याला तिने कायमचं कुलूप समजून आठवडाभर उराशी धरलं होतं.

आईने तिचा हात दाबला. आईचा हात ओला होता.

तिचा नंबर. तिला बोलता आलं असतं. हे तिला इतकं लख्ख माहीत होतं की तिला आश्चर्य वाटलं. वाक्यं रांग लावून उभी होती, नेहमीसारखी ढकलाढकली करत, एक तर विनोदीसुद्धा होतं. गळ्याखाली मूठ आहे का, म्हणून तिने हळूच चाचपून पाहिलं. नव्हती. तिथे नुसता श्वास येत होता, जात होता. आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला वाटलं, नको. आत्ता काही बोलायला नको. आई जे बोलली ते अजून टेबलावर होतं, ते जरा राहू दे. ती थांबली. वारा ऐकला, बाबांचं नाक चोंदल्यासारखं वाजलं ते ऐकलं. मग तिने काकूंचा हात दाबला, या खेपेला बरोबर बाजूचा, आणि काकू नेहमीच्या आवाजात लंगड्या गाईबद्दल बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी निरोप घेताना काकांनी बाबांना मिठी मारली आणि बटाट्यांचं पोतं गाडीत टाकलं, "हे घे, आता पळवायची गरज नाही" असं म्हणत. गाडी उतरणीला लागली. ऊन आलं होतं. ओला रस्ता चकाकत होता. घराचं छप्पर एका वळणाला दिसायचं, दुसऱ्याला गडप व्हायचं. तिघंही बोलत नव्हती. ही शांतता कुणी भरून काढत नव्हतं हे तिला जाणवलं, आणि मौज म्हणजे ती अवघड वाटत नव्हती. पुलापाशी समोरून लाकडांनी भरलेला ट्रॅक्टर आला. बाबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. ट्रॅक्टर इतका सावकाश चढत होता की बाबांनी इंजिन बंद केलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली.

बाबांचा हात किल्लीवर होता तो तिथेच राहिला. आईने मागे वळायला मान हलवली, मग स्वतःला आवरलं आणि समोरच बघत बसली. तिचे कान मात्र लालबुंद झाले होते. ती थांबली होती. किती अवघड जात होतं तिला ते!

"मी तुमच्याबरोबर येणार. आत्याकडे नाही. आत्याला सांगा राग मानू नकोस. त्या चौघी रडतील, मीही रडेन, ते आमचं आम्ही बघू. पण एक अट आहे. तिथे मी कधीकधी बोलणार नाही. म्हणजे बोलेन, भरपूर बोलेन, तुमचे कान किटतील. पण मधेच एखाद्या दिवशी गप्प बसले, तर लगेच एकमेकांकडे बघायचं नाही, डॉक्टर शोधायचा नाही. मला गप्प बसावंसं वाटलं म्हणून मी बसले, असं समजायचं. कबूल?"

ट्रॅक्टर घरघरत शेजारून गेला.

"आई, आता बोललीस तरी चालेल."